गूळ आत, गूळ बाहेर

आषाढात सुरगाण्याचा पाऊस बेताने पडत नाही. खाचरांत भाताची आवणी चाललेली असते, डोंगर दिवसच्या दिवस ढगात असतात. याच महिन्यात महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत आखाड तळतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेच्या कापण्या, गुलगुले, तिखटमिठाच्या पुऱ्या. कढई चढते, तेल तापतं, आणि त्यात पहिली कापणी पडते. ती आधी बुडते. मग तिच्या कडांना बारीक बुडबुडे फुटतात, चर्र आवाज उठतो आणि काही क्षणांत ती फुगून वर येते.

त्या बुडबुड्याकडे नीट पाहावं असं मला नेहमी वाटतं, कारण आपण त्याला तेलाचा बुडबुडा समजतो आणि तो तेलाचा नसतो. तळणीचं तेल उकळत नाहीच. उकळण्याआधी ते धुरावतं आणि जळू लागतं. बुडबुडा असतो वाफेचा, आणि वाफ येते कणकेतल्या पाण्याची. तेल १७०-१८० अंश सेल्सिअसवर असतं, पाणी १०० अंशांनाच उकळतं. सुरगाणा तालुक्यातल्या हातगडाच्या माथ्यावर, सुमारे ३६०० फुटांवर, तर ते त्याहूनही तीन-चार अंश आधी उकळेल. उकळताना पाण्याचा एक थेंब स्वतःच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागतो. ती जागा कापणीच्या आत मिळाली तर कापणी फुगते, न मिळाली तर वाफ पृष्ठभाग फोडून बाहेर पडते. चर्र आवाज त्या सुटकेचा. तळणाऱ्या बाईचं लक्ष कढईकडे नसतानाही तिला कापणी कधी काढायची ते कळतं, कारण आवाज उतरला की आतलं पाणी संपत आलेलं असतं.

आणखी एक गंमत आहे. कापणीच्या पोटात जोवर पाणी शिल्लक आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या फारसं वर जात नाही. बाहेर तेल कितीही तापलेलं असो. कातडी मात्र पाणी गमावून बसलेली असते, ती झपाट्याने वर चढते. आत उकडणं चालू असतं आणि केसभर अंतरावर भाजणं. १४० अंशांच्या आसपास पिठातली प्रथिनं आणि साखर एकमेकांत मिसळून शेकडो नवे वास तयार करतात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या प्रक्रियेबद्दल पहिल्यांदा लिहिलं. त्याच्या फार आधीपासून आपल्याकडच्या आज्या तिला ‘बदामी रंग’ म्हणून ओळखत होत्या.

आता हीच कढई घेऊन थोडं लांब जाऊ.

मेक्सिकोत नाताळच्या दिवसांत बुन्युएलो नावाचा पदार्थ घरोघरी होतो. ताटाएवढा रुंद, पापडासारखा पातळ, तळून कुरकुरीत केलेला. त्यावर दालचिनी घातलेली साखर भुरभुरतात किंवा गुळाचा सैल पाक ओततात. वाहाका शहरात तर तो ओबडधोबड मातीच्या वाडग्यात पाकासकट देतात, आणि खाऊन झाल्यावर वाडगा रस्त्यावर आपटून फोडायचा रिवाज आहे, नवं वर्ष चांगलं जावं म्हणून. बायका पिठाचा गोळा लाटतात आणि मग गुडघ्यावर स्वच्छ फडकं टाकून त्यावर पोळी सगळीकडून हळूहळू ओढत नेतात, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत.

पाकासाठी वापरतात तो पिलोन्सियो. उसाचा रस आटवून, साच्यात ओतून गोठवलेला तपकिरी सुळका. तो तुम्ही सुरगाण्याच्या बाजारातल्या गुळाच्या ढेपेशेजारी ठेवलात तर घेणाऱ्याला फरक फक्त आकारात दिसेल. पाकात दालचिनी पडते, बडीशेपेसारख्या चवीचं बी पडतं आणि पुष्कळ घरांत पेरूही पडतो. पेरू मुळात अमेरिका खंडातला आणि गूळ करण्याची विद्या भारताची. सातासमुद्रापार एका भांड्यात हे दोघे एकत्र उकळताहेत, याचं मला कितीदा तरी नवल वाटलं आहे.

कारण पाचशे वर्षांपूर्वी त्या देशात यातलं काहीच नव्हतं, एक पेरू सोडला तर. गहू नव्हता, ऊस नव्हता, डुकराची चरबी नव्हती. तिथली माणसं मका भाजत, उकडत, वाफवत; भरपूर तेलातूपात तळण्याची रीत तिथे जवळपास नव्हतीच. १५२१ मध्ये स्पॅनिश सैन्याने अ‍ॅझ्टेकांची राजधानी घेतली आणि त्यानंतर गहू आला. तो पहिल्यांदा पेरला हुआन गारिदो या आफ्रिकेत जन्मलेल्या सैनिकाने, असं त्याने स्वतः १५३८ मध्ये स्पेनच्या राजाकडे केलेल्या अर्जात नमूद केलं आहे. ऊस कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीबरोबर कॅरिबियन बेटांवर उतरला होता; तिथून तोही आला. सतराव्या शतकातली मेक्सिकोची थोर कवयित्री आणि जोगीण सोर हुआना इनेस दे ला क्रूस हिच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मठातल्या पाककृतींच्या वहीत बुन्युएलोंचे प्रकार दिले आहेत. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांत हा पदार्थ तिथे पुरता रुजला होता.

या कुळाची मुळं मात्र त्याहून कितीतरी खोल आहेत. रोमचा काटो, इसवी सनापूर्वी १६० च्या सुमारास शेतीवर लिहिताना, चीज आणि भरड्या गव्हाचे गोळे गरम चरबीत तळायला सांगतो. मग त्यांना मध चोपडायचा आणि वर खसखस भुरभुरायची. खसखस! आपल्या अनारशाच्या पाठीवरचीच.

बुन्युएलोचं एक भावंड महाराष्ट्रातही आहे, आणि त्याचा जन्म त्याच काळातल्या, स्पेन-पोर्तुगालच्या त्याच दर्यावर्दी द्वीपकल्पाशी बांधलेला आहे. स्पेनने मेक्सिको घेतल्यानंतर १३ वर्षांनी, १५३४ मध्ये, पोर्तुगीजांना वसई मिळाली आणि ती १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. वसई-मुंबई पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाकार्याला फुगे होतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध, आणि जुन्या रीतीप्रमाणे पीठ आंबवायला ताडी. सैलसर पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून दाबायचं, वर आलेला गोळा अलगद तेलात सोडायचा. किंचित गोड, आतून पोकळ. रश्श्यात बुडवून खातात.

सुरगाण्यात समुद्रावरची ही जहाजं पोचली नाहीत. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत हे देशमुखांचं छोटंसं संस्थान होतं. डांगच्या जंगलाला लागून, कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल यांची वस्ती असलेला मुलूख. पण इथल्या चुलीपाशी बसलं की लक्षात येतं, जग इथेही येऊन बसलेलं आहे, फक्त फार पूर्वी आणि गाजावाजा न करता. डोंगरउतारावरची नागली आफ्रिकेतल्या इथिओपिया-युगांडाच्या पठारांवरून हजारो वर्षांपूर्वी भारतात आली. पाऊस सरताना ज्या पिवळ्या फुलांनी इथले उतार भरून जातात ती खुरासणीही मूळची इथिओपियाचीच. चटणीतली मिरची आणि परसातला चिकू मेक्सिकोकडचे, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. खुरासणीच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात गुळाचं काहीही तळलं तरी त्या कढईत दोन-तीन खंड असतात.

तेव्हा सुरगाण्याच्या घरात बुन्युएलो करायला सामान कुठून मागवावं लागत नाही. मला त्यात रस आहे तो एका वेगळ्या कारणासाठी. कापणीत आपण गूळ पिठात घालतो. बुन्युएलोत गूळ बाहेर राहतो. एवढ्या एका निर्णयातून दोन्ही पदार्थांचं सगळं वागणं ठरतं. जाडी, आच, टिकणं, तुटण्याचा आवाजसुद्धा.

करून पाहू. दोन वाट्या मैदा, त्यात चिमूटभर मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, दोन चमचे गरम तेलाचं मोहन. अंडं चालत असेल तर एक फोडून घालावं. नसेल तरी अडत नाही. चमचाभर बडीशेप पाण्यात उकळून ते पाणी कोमट झालं की त्यानेच पीठ भिजवावं. मेक्सिकोतल्या जुन्या रीतीत इथे तोमातिय्योची, म्हणजे कागदी टरफलातल्या हिरव्या आंबट फळाची, सालं उकळून ते पाणी घालतात. त्याने पीठ हलकं होतं असं तिथे मानतात. तोमातिय्यो आणि आपल्या बांधावरची रानपोपटी एकाच कुळातल्या, तसंच फुगीर टरफल दोघींना. पण आपल्या रानपोपटीची सालं कुणी उकळू नयेत. या कुळातल्या झाडांचे हिरवे भाग विषारी असू शकतात. बेकिंग पावडर पुरेशी आहे.

पीठ पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट आणि पुरीच्या कणकेपेक्षा मऊ असावं. दहा मिनिटं ते खरोखर मळावं. गव्हात मुख्यतः दोन प्रकारची प्रथिनं असतात. एक ताण देतं, दुसरं लवचीकपणा. पाणी मिळालं आणि मळणं झालं की ती एकमेकांत गुंतून पिठात सलग जाळं विणतात. मळून लगेच लाटायला घेतलं तर पोळी आकसून परत येते, कारण ते जाळं ताणलेलं असतं. पाऊण तास झाकून ठेवलं की तेच पीठ शांतपणे पसरतं. मग लिंबाएवढे गोळे करून लाटावेत, आणि पोळपाटावरून उचलून उलट्या पातेल्यावर फडकं टाकून त्यावर ओढावेत. बोटांची टोकं नको, बोटांच्या मागच्या बाजू वापराव्यात. मध्यभाग आधी पातळ होतो, कड जाड राहते. कडेवर जास्त वेळ द्यावा. ओढलेल्या पोळ्या स्वच्छ कापडावर काही मिनिटं वाऱ्याला ठेवायच्या, म्हणजे वरचा ओलावा उडतो.

आच इथे मोठी हवी. पिठाचा कण टाकला की तो तळाला टेकता टेकता वर यावा. पोळी सोडली की ती क्षणात फोडांनी भरते. इतक्या पातळ पोळीत पाणी असतं किती? ते अर्ध्या मिनिटात निघून जातं आणि मागे उरतो कोरडा, ठिसूळ पत्रा. यात गूळ असता तर काय झालं असतं? गुळात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, आणि हे दोघं फार लवकर करपतात. पोळी कुरकुरीत व्हायच्या आत काळी पडली असती. शिवाय साखर पाणी धरून ठेवते. प्रथिनांचं जाळं तिच्या हाती पाणी गेल्यामुळे नीट विणलंच जात नाही, आणि पोळी गुडघ्यावर ओढताना फाटली असती. गूळ बाहेर आहे म्हणून बुन्युएलो पारदर्शक होऊ शकतो.

कापणीचं उलट. गूळ आत, म्हणून कणीक कमी ताणली जाते, म्हणून ती जाड लाटायची, म्हणून आतवर शिजायला वेळ द्यायचा, म्हणून आच मंद. ‘गुळाचं आहे, गॅस बारीक ठेव’ हे वाक्य स्वयंपाकघरात कितीदा ऐकू येतं. त्याच्या पोटात एवढं रसायनशास्त्र आहे.

पाकासाठी वाटीभर चिरलेला गूळ, दीड वाटी पाणी, दालचिनीचा तुकडा आणि एका पिकलेल्या पेरूच्या फोडी पंधरा मिनिटं मंद उकळाव्यात आणि गाळून घ्याव्यात. तारेचा पाक करायचा नाही, सैल हवा. पेरूचा वास गुळात मिसळला की जे होतं ते मी शब्दांत बसवणार नाही. एवढंच म्हणेन की पेरूच्या दिवसांत हा पाक नुसत्या भाकरीबरोबरही करावा.

आता सुरगाण्याचा खरा प्रश्न. इथलं घरचं धान्य गहू नव्हेच. ते नागली, भात आणि वरई. नागलीचा बुन्युएलो होईल का? गुडघ्यावर ओढून तर मुळीच नाही. नागलीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत तिचा हात धरणारं दुसरं कुणी नाही, पण गव्हातलं ते जाळं विणणारं प्रथिन तिच्यात नसतं. ती ताणली जात नाही, तुटते. त्यावरचा उपाय भाकरी करणाऱ्या हातांना ठाऊक आहे. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची. उष्णतेने पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. प्रथिनाचं काम स्टार्च करतो. नागलीच्या उकडीत थोडी कणीक मिसळून, हातावर थापून पुऱ्या केल्या तर त्या मध्यम आचेवर छान तळल्या जातात. पत्र्यासारख्या पातळ होत नाहीत. खमंग, जाडसर, भाजलेल्या वासाच्या होतात, आणि पेरूचा पाक त्यांना मैद्यापेक्षा जास्त शोभतो असं माझं मत आहे.

तांदळाशी मात्र आपल्या लोकांनी उकडीपेक्षाही धाडसाचा डाव खेळलेला आहे. त्याचं नाव अनारसा.

अनारशात गहू नाही, अंडं नाही, सोडा नाही, उकडही नाही. तांदूळ तीन दिवस पाण्यात. रोज पाणी बदलायचं. या तीन दिवसांत पाण्यातले सूक्ष्मजीव कामाला लागतात, किंचित आंबूस वास येतो, दाणा इतका मऊ होतो की चिमटीत चुरडतो. मग निथळून, सावलीत कापडावर पसरून, पुरता वाळायच्या आत कुटायचा आणि चाळायचा. हा दमटपणाच सगळं काही आहे. त्यात पाऊणपट ते बरोबरीने गूळ किसून मिसळायचा, थोडं तूप, आणि गोळा डब्यात बंद करून चार-पाच दिवस विसरायचा. एरवी तळणीच्या पदार्थांत सहसा दिसत नाही इतका गूळ आत! कापणीला जेवढा गूळ सोसतो त्याच्या कितीतरी पुढे. आणि या गोळ्याला एकत्र धरून ठेवणारं काही नाही, त्या ओलसर गुळाशिवाय.

आता तो तुपात सोडतानाचा क्षण जवळून पाहा. खसखशीवर थापलेली छोटी चकती, खसखशीची बाजू वर. तूप मंद. चकती तुपात शिरते आणि गूळ वितळायला लागतो. पीठ लगेच शिजून घट्ट व्हायला हवं होतं, पण एवढ्या साखरेत स्टार्चला फुगायला नेहमीपेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणून काही सेकंद चकती धड घट्ट नाही, धड पातळ नाही, अशी राहते. ती पसरू लागते. त्याच सेकंदांत खालून वाफ वर धावते आणि पसरणाऱ्या चकतीला ठिकठिकाणी भोकं पाडत बाहेर पडते. झाऱ्याने तूप वरून सोडत राहायचं, उलटायचं नाही. मग पाणी संपतं, साखरेचा रस दाटतो, स्टार्च शिजतो, आणि वाफेच्या वाटा जिथे होत्या तिथेच कायमच्या उघड्या राहतात. जाळी पडते. भोकांच्या नक्षीत एक अनारसा दुसऱ्यासारखा नसतो.

यात गुळाचं प्रमाण जरा वाढलं किंवा पीठ जास्त ओलं राहिलं की ते मधले सेकंद लांबतात, आणि घट्ट व्हायच्या आत चकती तुपात विरघळत पसरते. अनारसा हसला! पीठ फार कोरडं झालं तर जाळीच पडत नाही, टणक बिस्किट होतं. हसणं आणि दगड होणं यांच्यामधली ही अरुंद वाट कुणीतरी, कधीतरी, थर्मामीटरशिवाय शोधून काढली आणि पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात दिली. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात. इतका कठीण पदार्थ मानाच्या वाणासाठी निवडला गेला, यात मला नवल वाटत नाही.

उरला प्रश्न तेलाचा. तळलेलं तेलकट का होतं, याचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटेल. पदार्थ कढईत असताना वाफ सतत बाहेर येत असते आणि तेलाला आत शिरू देत नाही. तेल शिरतं ते मुख्यतः बाहेर काढल्यावर. पदार्थ गार होऊ लागतो, आतली वाफ पुन्हा पाणी होते, जागा रिकामी पडते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून बुन्युएलो काढताक्षणी उभा धरून झटकावा, अनारसे चाळणीत तिरके उभे लावावेत. पहिलं मिनिट महत्त्वाचं. आच कमी असेल तर वाफेचा जोरही कमी, आणि पदार्थ तेलात जास्त वेळ राहतो. खुरासणीचं तेल चवीला गोड पण फार तापवलं की लवकर बिघडतं. त्यात एकदा तळावं, पुन्हा पुन्हा नाही. मोहाच्या बियांचं तेल थंडीत थिजतं, म्हणजे तापवल्यावर जास्त टिकणारं. पूर्वी डोंगरातल्या घरांत तळणीला तेच असे.

आणि सुरगाण्यात आषाढात करणार असाल तर हवेचा विचार हवाच. कोरडा तळलेला पत्रा आणि त्यावरची साखर, दोघंही हवेतलं पाणी ओढून घेतात. भर पावसात उघड्यावर ठेवलेला बुन्युएलो तासाभरात मऊ पडतो. कापण्या हवाबंद डब्यात आठवडाभर निघतात, खाचरात आवणीला जाताना फडक्यात बांधूनही नेता येतात. बुन्युएलोचं तसं नाही. मेक्सिकोत नाताळ कोरड्या, गार हवेत येतो, तिथे तो तग धरतो. इथे सगळे लाटून-ओढून तयार ठेवावेत, पण तळावेत जेवढे खाणारे बसले असतील तेवढेच, आणि पाक ताटात पडल्यावरच ओतावा. दिवाळीनंतर, भात कापून झाल्यावर, हवा कोरडी होते. तेव्हा डबाभर करायला हरकत नाही.